बालदीभर प्रकाश

आमच्या कार्यालयात एक जुना स्कॅनर होता. जाडजूड, करड्या रंगाचा, झाकणाचा एक कोपरा तुटलेला. काही वर्षांपूर्वी जुनी रजिस्टरं स्कॅन करून संगणकात घालायचं काम निघालं आणि ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. कला शाखेच्या पदवीधराला यंत्राचं काम का दिलं, हे विचारायचं नसतं. सरकारी नोकरीत जे टेबलावर येतं ते आपलं.

वाळवीने खाल्लेली पानं एकेक करून काचेवर ठेवायची आणि बटण दाबायचं. पांढऱ्या उजेडाची एक पट्टी घरघर करत या टोकाकडून त्या टोकाकडे जायची आणि पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाचं अक्षर उमटायचं. दिवसाला दीडदोनशे पानं. सातआठ दिवसांनी हाताला सवय झाली आणि डोकं रिकामं झालं. रिकाम्या डोक्यात प्रश्न येतात. ही पट्टी नक्की पाहते कशाने? तिला डोळा आहे का? असला तर तो पाहिलेलं आकड्यांत कसं सांगतो?

शोधायला लागलो तो थेट आकाशात पोचलो. त्या स्कॅनरच्या पोटात जी चीप होती, तिच्याच जातीच्या चीपने हबल दुर्बिणीला दृष्टी दिली, हॅलेचा धूमकेतू हुडकून काढला आणि आपल्या उपग्रहांना गोव्याचा किनारा दाखवला. तिचं नाव चार्ज कपल्ड डिव्हाइस, म्हणजे सीसीडी. आणि तिच्या जन्माची कथा वाचताना मला आमच्या कार्यालयातल्या फायलीच आठवत राहिल्या. का, ते शेवटी सांगतो.

गोष्ट सुरू होते १७ ऑक्टोबर १९६९ रोजी. माणूस चंद्रावर उतरून तीन महिनेही झाले नव्हते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथे बेल लॅबोरेटरीज ही टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. ट्रान्झिस्टर इथलाच. तिथे विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ हे दोन शास्त्रज्ञ त्या दिवशी दुपारी फळ्यासमोर उभे होते. वरून दडपण होतं. संस्थेतला दुसरा एक विभाग चुंबकीय बुडबुड्यांची स्मृती, म्हणजे संगणकाची नवी मेमरी, तयार करत होता. अर्धसंवाहकवाल्यांनी तोडीस तोड काही दाखवलं नाही तर पैसा तिकडे वळणार होता. सरकारी भाषेत सांगायचं तर दुसऱ्या खात्याकडे निधी वर्ग होण्याची भीती!

तासाभरात दोघांनी फळ्यावर एक आराखडा काढला. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऑक्साईडचा थर, त्यावर धातूच्या बारीक पट्ट्यांची रांग. एका पट्टीला विजेचा दाब दिला की तिच्याखाली सिलिकॉनमध्ये एक खळगा तयार होतो आणि त्यात इलेक्ट्रॉन साठतात. मग शेजारच्या पट्टीला दाब द्यायचा आणि पहिलीचा काढून घ्यायचा. खळगा सरकतो, आणि त्यातले इलेक्ट्रॉनही त्याच्याबरोबर सरकतात. असं ढकलत ढकलत विजेचं गाठोडं चकतीच्या एका टोकाला न्यायचं आणि तिथे मोजायचं. उद्देश होता माहिती साठवण्याचा. गाठोडं असलं तर एक, नसलं तर शून्य.

पण सिलिकॉनचा एक गुण आधीपासून ठाऊक होता. त्याच्यावर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. जितका प्रकाश जास्त, तितके इलेक्ट्रॉन जास्त. म्हणजे या खळग्यांत वीज बाहेरून भरायची गरजच नाही. उजेडच ती भरेल! त्या दोघांचा लेख १९७० मध्ये छापून आला, त्यात उपयोगांच्या यादीत चित्र टिपण्याचाही उल्लेख होता.

हे समजून घ्यायला आपल्याला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. नळ्यांच्या घरात राहिलेल्या प्रत्येक गोमंतकीयाने सीसीडी पाहिलेली आहे. आषाढात नळे सरकले की घरभर थेंब टपकायला लागतात. आई मग घरातली होती नव्हती ती भांडी मांडते. इथे कळशी, तिथे तपेलं, दाराशी बालदी. सकाळी कुठल्या भांड्यात किती पाणी आहे ते पाहिलं की छप्पर नेमकं कुठे आणि किती गळतं त्याचा नकाशाच मिळतो. आता कल्पना करा, अंगणात एकसारख्या बालद्या ओळीने मांडल्यात, हजार आडव्या, हजार उभ्या. पाऊस म्हणजे प्रकाश. पाऊस थांबला की प्रत्येक बालदीतलं पाणी शेजारच्या रिकाम्या बालदीत ओतायचं, तिथून पुढच्या, असं करत टोकाला एकच माणूस माप घेऊन बसलाय त्याच्यापर्यंत न्यायचं. तो मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. दहा लाख आकडे झाले की चित्र तयार. (हा बालदी शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'बाल्दे'वरून आला. नेदरलँड्समधल्या फिलिप्स कंपनीत याच सुमारास याच्या जवळपासचं एक मंडळ तयार झालं होतं, त्याला त्यांनी चक्क 'बादल्यांची साखळी' असंच नाव दिलं होतं. विज्ञान आणि घरसंसार यांत फार अंतर नसतं ते असं.)

या पद्धतीतली अडचणही घरगुतीच आहे. ओतताना सांडतं. समजा दर वेळी हजारातला एकच थेंब मागे राहिला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हजार वेळा ओतल्यावर शेवटी मूळ पाण्याच्या जेमतेम ३७ टक्के हातात येतं, बाकीचं वाटेत! म्हणून या चीपमध्ये गळती लाखात एक इतकी खाली आणावी लागली. तेव्हा कुठे हजार हस्तांतरांनंतर ९९ टक्के माल शाबूत पोचायला लागला. टेबलाटेबलावरून फिरणाऱ्या फायलीतून किती कागद गळतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कामगिरीचं मोल कळेल.

कल्पना फळ्यावर काढणं वेगळं आणि तिच्यातून चित्र उमटवणं वेगळं. हे दुसरं काम बेल लॅब्समध्येच मायकेल टॉम्पसेट या इंग्लंडहून आलेल्या अभियंत्याने अंगावर घेतलं. गिल्बर्ट अमेलिओ आणि टॉम्पसेट यांनी १९७० मध्ये चालणारं उपकरण करून दाखवलं. चित्र टिपण्यासाठी बालद्यांची मांडणी कशी असावी, पाणी ओतताना वरून पाऊस चालूच राहिला तर चित्र फासटतं ते कसं टाळावं, हे प्रश्न टॉम्पसेटने सोडवले. आपल्या पत्नीचं रंगीत चित्र त्याने सीसीडीने टिपलं. चित्रग्राहक सीसीडीचं अमेरिकी पेटंट १९७८ मध्ये मंजूर झालं, त्यावर नाव एकट्या टॉम्पसेटचं आहे. हे लक्षात असू द्या.

फेअरचाइल्ड कंपनीने १०० गुणिले १०० ठिपक्यांची सीसीडी बाजारात आणली. तीच घेऊन १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायची. कोडॅकचा संसार फिल्मवर चालायचा, त्यामुळे पुढे या कंपनीचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. २०१२ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण कॅमेऱ्याची ही कथा अनेकांनी सांगितली आहे. मला सांगायची आहे ती दुर्बिणीची.

शंभर वर्षं खगोलशास्त्रज्ञांचा आधार होता काचेच्या फोटोप्लेटचा. रात्रभर थंडीत कुडकुडत दुर्बिणीला चिकटून बसायचं आणि सकाळी अंधाऱ्या खोलीत प्लेट धुवायची. या प्लेटवर शंभर प्रकाशकण पडले तर नोंद व्हायची एखाद्दुसऱ्याची. बाकी वाया. विचार करा, एखादा प्रकाशकण कोट्यवधी वर्षं प्रवास करून पृथ्वीवर पोचतो आणि शेवटच्या पावलाला त्याची नोंदच होत नाही! शिवाय प्लेटचा हिशेब सरळ नसतो. दुप्पट उजेड म्हणजे दुप्पट काळेपणा असं होत नाही. सीसीडीने दोन्ही गोष्टी बदलल्या. चांगली सीसीडी शंभरातले ऐंशी-नव्वद कण पकडते, आणि दुप्पट उजेडाला आकडाही दुप्पटच देते. हिशेब चोख.

मात्र त्यासाठी तिला शिस्त लावावी लागली. सिलिकॉन उबदार असलं की उजेड नसतानाही इलेक्ट्रॉन सुटत राहतात. अंधारातही बालदी भरते. म्हणून तिला द्रवरूप नायट्रोजनने शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड करायचं. दुसरं, पुढच्या बाजूच्या पट्ट्या निळा प्रकाश अडवतात. म्हणून चकती उलटी करायची आणि पाठीमागून तासून तासून पंधरा-वीस मायक्रॉनपर्यंत पातळ करायची. माणसाचा केस याच्या तीनचारपट जाड असतो. मग उजेड पाठीमागून आत सोडायचा. असल्या चकत्या किती फुटल्या असतील, देव जाणे.

अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने, म्हणजे जेपीएलने, १९७०च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून अशा सीसीडी करवून घ्यायला सुरुवात केली. तिथला जेम्स जेनेसिक हा तरुण अभियंता १९७६ मध्ये एक कॅमेरा घेऊन अॅरिझोनातल्या माउंट बिगेलोवरच्या ६१ इंची दुर्बिणीपाशी गेला. बरोबर ब्रॅडफर्ड स्मिथ हे ग्रहशास्त्रज्ञ होते. ४०० गुणिले ४०० ठिपक्यांच्या त्या चीपवर त्यांनी युरेनस टिपला. गंमत पहा, पुढच्याच वर्षी सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर मात्र जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या धर्तीच्या नळ्याच होत्या. यानांचे निर्णय कितीतरी वर्षं आधी होतात. नवी वस्तू दारात उभी असली तरी मंजुरी जुन्याच वस्तूला मिळालेली असते. आम्हा कारकुनांना हे नवीन नाही.

खरी कसोटी लागली हॅलेच्या धूमकेतूवर. १९१० साली येऊन गेलेला हा पाहुणा १९८६ मध्ये परतणार होता. त्याला येताना सर्वात आधी कोण पाहतो याची जगभर चुरस. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी पालोमारच्या २०० इंची हेल दुर्बिणीला सीसीडी लावून डेव्हिड ज्युइट आणि एडवर्ड डॅनियलसन यांनी तो गाठला. बेल लॅब्समधल्या त्या दुपारीला तेरा वर्षं व्हायला एकच दिवस बाकी होता. धूमकेतू तेव्हा शनीच्या कक्षेपलीकडे, सूर्यापासून दीडशे कोटी किलोमीटरहून दूर होता आणि त्याची प्रत होती २४.२. आपल्या डोळ्याला कसाबसा दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा असतो. हा त्याच्याहून जवळजवळ दोन कोटी पटींनी अंधुक.

१९८६ चा तो मार्च महिना मला आठवतो. मी शाळकरी पोर. बाबांनी पहाटे चारला उठवलं आणि गावच्या पठारावर नेलं. कुणाच्या तरी दुबईहून आलेल्या दुर्बिणीतून आळीपाळीने पाहिलं. धुरकट बोळ्यासारखं काहीतरी होतं, किंवा नव्हतं. बाबा मात्र 'दिसला, दिसला' म्हणत होते. मीही दिसला म्हणालो. आता कळतं की त्याच दिवसांत, १४ मार्चला, युरोपचं जिओटो यान त्या धूमकेतूच्या सहाशे किलोमीटरवरून गेलं होतं आणि त्याच्या कॅमेऱ्यातल्या सीसीडीने त्याचा गाभा टिपला होता. सुमारे पंधरा किलोमीटर लांब, कोळशाहून काळा. आम्ही पठारावर जे शोधत होतो ते एका चीपने आमच्या वतीने पाहून घेतलं होतं.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी जेम्स वेस्टफॉल आणि जेम्स गन यांनी सीसीडीचा आग्रह धरला होता. आरशात चूक निघाली, जगभर हसं झालं, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन नवा कॅमेरा बसवला. त्यानंतर १९९५ च्या डिसेंबरात दहा दिवस ही दुर्बीण सप्तर्षींजवळच्या आकाशाच्या एका चिमुकल्या, जवळजवळ रिकाम्या तुकड्यावर रोखून धरली गेली. ३४२ वेळा चित्रं घेतली. सगळी एकावर एक ठेवून बेरीज केली तर त्या रिकाम्या जागेत सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. ही बेरीज करता आली कारण चित्र म्हणजे आकड्यांचं रजिस्टर झालं होतं. वजाबाकीही तशीच. आजच्या चित्रातून गेल्या महिन्याचं चित्र वजा केलं की नवा उजळलेला तारा तेवढा उरतो. असेच दूरचे स्फोट हुडकून दोन गटांनी १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचं दाखवलं, आणि त्याला २०११ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे ही चीप आकाशाकडे पाहण्याआधी जमिनीकडे पाहायला लागली असं म्हटलं तर चालेल. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून आयआरएस-१ए हा आपला उपग्रह गेला. त्याच्या कॅमेऱ्यात २०४८ ठिपक्यांची एकच ओळ होती. अगदी आमच्या स्कॅनरसारखी! स्कॅनरमध्ये पट्टी पानावरून सरकते, इथे उपग्रह देशावरून सरकत होता. एका ठिपक्यात जमिनीचे साडेबहात्तर मीटर, आणि पट्ट्याची रुंदी १४८ किलोमीटर. आपला अख्खा गोवा त्या रुंदीत सहज मावतो. पुढे २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ गेला, त्याच्याही कॅमेऱ्यात अशाच ओळी होत्या आणि त्यांचं काम समुद्राचा रंग पाहण्याचं. पाण्यात हरितद्रव्य कुठे जास्त, म्हणजे सूक्ष्म वनस्पती कुठे जास्त, म्हणजे मासळी कुठे मिळण्याचा संभव जास्त, असा अंदाज त्यावरून बांधतात. बाजारातल्या बांगड्याचा या चीपशी असा दूरचा संबंध पोचतो.

आणि पुणं. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून जुन्नरजवळ गिरावलीला आहे, तिच्यावर २०४८ गुणिले २०४८ ची सीसीडी बसवलेली. आयुकातच घडलेली सूट ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून गेली. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, अतिनील प्रकाशात सूर्य पाहणारी. तिच्या डोळ्यात ४०९६ गुणिले ४०९६ ठिपके आहेत. तिने काढलेली सूर्याची पूर्ण बिंबाची चित्रं त्याच वर्षी डिसेंबरात प्रसिद्ध झाली. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या पुस्तकांनी ज्यांना आकाशाची ओढ लावली, त्यांत माझ्यासारखे कला शाखेवालेही पुष्कळ आहेत.

आता त्या फायलीच्या गोष्टीकडे येतो.

२००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्धं चार्ल्स काओ यांना प्रकाशतंतूंसाठी, उरलेलं अर्धं बॉइल आणि स्मिथ यांना. कारण दिलं होतं, चित्र टिपणाऱ्या अर्धसंवाहक मंडळाचा, म्हणजे सीसीडी सेन्सरचा शोध. यावर टॉम्पसेट आणि त्यांचे जुने सहकारी यूजीन गॉर्डन यांनी जाहीर हरकत घेतली. मेमरीची कल्पना त्यांची, मान्य. पण चित्र टिपणारं उपकरण? त्याचं पेटंट कुणाच्या नावावर आहे ते पहा. स्मिथ यांचं उत्तर असं की चित्राची कल्पना आमच्या मनात पहिल्यापासून होती. आणि मघाशी म्हटलं तसं, १९७० च्या लेखात तो उल्लेख आहेही.

बरोबर कोण? मी वीस वर्षं टिपणं लिहितो आहे. एका प्रस्तावावर मी तीन महिने खपलो होतो. आकडे जमवले, जुने आदेश शोधले, मसुदा चार वेळा फिरवला. मंजूर झाला तेव्हा अभिनंदनाच्या पत्रात नाव सही करणाऱ्याचं होतं. मला राग आला होता. पण त्या साहेबांनीच एकदा चहा पिताना सहज म्हटलं होतं, 'असं काही करता येईल का, बघा जरा.' ते वाक्य नसतं तर फाईल उघडलीच नसती. आणि मी नसतो तर ती बंदही झाली नसती. वाक्याचं श्रेय किती आणि तीन महिन्यांचं किती, हे मोजणारी बालदी अजून निघालेली नाही.

टॉम्पसेटच्या बाबतीत मात्र जगाने नोंद थोडी दुरुस्त केली. त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. २०१७ मध्ये ब्रिटनचा क्वीन एलिझाबेथ पुरस्कार चौघांना मिळून दिला गेला, त्यात स्मिथ आणि टॉम्पसेट शेजारी शेजारी होते. बॉइल २०११ मध्येच वारले होते. उरलेले दोघे जपानचे नोबुकाझू तेरानिशी आणि जेपीएलमध्ये सीमॉस सेन्सर घडवणारे एरिक फॉसम. या शेवटच्या नावात पुढची गोष्ट आहे. सीमॉसमध्ये पाणी ओतत न्यायचं नसतं, प्रत्येक बालदीशीच मापारी बसलेला असतो. स्वस्त आणि कमी विजेवर चालणारा. आपल्या मोबाईलमध्ये हाच. सोनी कंपनीने २०१५ मध्ये सीसीडी बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

पण शेवटची आरती झालेली नाही. चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं २३ जून २०२५ रोजी जगाने पाहिली. तिच्या कॅमेऱ्यात १८९ सीसीडी, मिळून ३२० कोटी ठिपके. विजेच्या दाबाने इलेक्ट्रॉनांची गाठोडी ढकलत न्यायची तीच युक्ती, जी एका शुक्रवारी दुपारी निधी वाचवण्यासाठी फळ्यावर निघाली होती.

आमचा स्कॅनर मागच्या वर्षी कंडम वस्तूंच्या यादीत गेला. यादी मीच तयार केली. नग एक, स्थिती नादुरुस्त, किंमत शून्य. सही अर्थात साहेबांची. यादी पाठवण्याआधी मी एकदा त्याचं झाकण उघडून काच पुसली आणि आत डोकावून पाहिलं. आरसे दिसले, एक भिंग दिसलं, आणि मागे काळ्या रंगाचा बोटाएवढा तुकडा. त्याने मला शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचं अक्षर दाखवलं होतं. त्या कारकुनाचं नावही त्या रजिस्टरात कुठे नव्हतं.